निवडक लेंड्या

भामाचा स्वच्छतेचा सोस अख्ख्या मलकपेठेत ठाऊक. दूधवाल्याच्या किटलीचं बूड पुसायला लावणारी बाई ती. आणि उतारवयात हिनं हौस काय करावी, तर मेंढ्यांची! एकनाथरावांची नोकरी संपली तसं तिनंच टुमणं लावलं, आणि शहराबाहेरच्या जमिनीवर कळप उभा राहिला.

यंदा मात्र नुकतीच चरायला लागलेली कोकरं ढाळू लागली. शेपट्या बरबटल्या, पापण्या आतून पांढऱ्याफट्ट पडल्या, दोन तर गेलीच. मोठ्या मेंढ्या ठणठणीत. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी लेंड्या मागवून तपासल्या, तर जंतांचं नाव नाही. मग एकनाथरावांनी धीर सोडला. ही काहीतरी भलतीच साथ आहे, मोठ्यांनाही गाठणार, असं मनाशी घेऊन त्यांनी हिम्मतराव दलालाला सगळं सांगितलं आणि टेम्पो घेऊन यायला लावलं. टेम्पो कुठल्या खाटकाच्या दारात जाणार, हे काय भामाला कळत नव्हतं?

तिनं टिकलीला उचललं. आई मेलेलं हे कोकरू तिनं बाटलीनं पाजून जगवलेलं, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकली.

"हिला एकदा नेऊन दाखवते," ती म्हणाली.

"कायकू परेशान होतीस उगीच?" एकनाथराव म्हणाले. "तपासलं ना एकदा."

"अजून एकदा तपासतील. अहो, मी सांगितल्याबिगर एक खूर टेम्पोत चढवायचा नाही. भाकर बांधून ठेवली आहे, खाऊन घ्या."

दवाखाना दिलसुखनगरला. डॉक्टर मृण्मयी मूळची पुण्याची पोर, या तेलुगू-उर्दूच्या मुलखात मराठी बोलणारी, म्हणून भामाचा तिच्यावर जीव. पण टिकलीनं टेबलावर ठेवताक्षणी पिचकारी सोडली. भामा मेल्याहून मेल्यासारखी झाली. तिनं पदर ओढला आणि पुसायला धावली.

"थांबा काकू, पुसू नका," मृण्मयी म्हणाली. "मागच्या वेळी असलं का नाही आणलंत?"

"असलं? अहो, असलं कुणाच्या दारात न्यायचं असतं का? मी चांगल्या निवडून आणल्या होत्या. काळ्याभोर, सुक्या, गोल. श्रीखंडाचा डबा घासून त्यात भरल्या."

"निवडून म्हणजे कुणाच्या?"

"मोठ्या मेंढ्यांच्या. कोकरांना लेंडी होते कुठं आता?"

मृण्मयीनं कपाळावर हात मारला. "आणि मी त्या कोकरांच्याच समजले, विचारलंसुद्धा नाही. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी."

तिनं टेबलावरची घाण मिठाच्या पाण्यात कालवली आणि थोडा वेळ ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. भामा नुसती तिच्या तोंडाकडे बघत होती.

"जंतच आहेत काकू. अंड्यांची नुसती खच्चून गर्दी आहे."

"म्हणजे साथ नाही?"

"नाही. मोठ्यांच्या पोटातही असतील थोडे, पण चरून चरून त्यांचं अंग सरावलेलं असतं, ती जंतांना वाढू देत नाहीत. कोकरांच्या अंगी ती ताकद अजून आलेली नसते. त्याच गवतावर चरली की ती पहिली लोळतात. वजनाप्रमाणे औषध देऊ, आणि पुढं त्यांना वेगळ्या रानात चरायला सोडा. ही वाचेल."

भामा खाली स्टुलावर बसली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तेही तिनं पुसलं नाही. मग फोन लावला.

"टेम्पो आला का?"

"दारात उभा आहे. हिम्मतराव चहा पितोय."

"चहा पाजा आणि रिकामा लावून द्या. पोटात जंत झालेत हो, लेकरांना होतात तसे. औषध आहे."

पलीकडे एकनाथरावांनी घसा खाकरला.

"भाकर कुठं ठेवलीस?" ते म्हणाले. "सकाळपासून काही गेलं नाही बघ पोटात."

परतीच्या रिक्षात टिकलीनं भामाच्या नव्या लुगड्यावर पुन्हा कार्यक्रम उरकला. रिक्षावाला आरशातून बघून नाक मुरडू लागला.

"बच्चा है," भामा त्याला म्हणाली, आणि टिकलीला आणखी जवळ ओढून बसली.