उजव्या बाजूची शिवण

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. पायाने चालवायची, काळी, आणि वेळेवर तेल मिळालं नाही की दिवसभर कुरकुरणारी. कारखान्यातून निघाले तेव्हा अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. ती माझ्या मालकिणीच्या, बोआतेमाच्या, हातांनी पुसून गेली. बोआतेमा शिवणकाम शिकून बाहेर पडली त्या दिवशी इकडच्या रीतीप्रमाणे मैत्रिणींनी आनंदाने तिच्यावर पांढरी पावडर उधळली. थोडी माझ्या चाकातही गेली, आणि आम्ही दोघी कुमासी शहराच्या बाजारातल्या निळ्या टपरीत कामाला लागलो.

आमच्याकडे शनिवार म्हणजे अंत्यविधी, आणि अंत्यविधी म्हणजे अख्ख्या घराण्याला एकाच कापडाचे कपडे. वर काबा, म्हणजे पोलकं, आणि खाली पायघोळ, अंगाला चोपून बसणारा घागरा. जरा सैल झाला की बायका शिवणारीला नावं ठेवतात. बोआतेमाला कधी कुणी नावं ठेवली नाहीत. मला त्याचा केवढा तोरा होता!

पायात किती जोर आहे, हे माझ्या पायडलाला आधी कळतं. तीनेक वर्षांपूर्वी तिचा उजवा पाय हलका पडू लागला. मग एके दिवशी तिने मांडीचं माप घेऊन वहीत टिपलं, स्वतःच्या घागऱ्याची उजवी शिवण उसवली आणि बोटभर सैल केली. मी मुकाट शिवून दिली. चार महिन्यांनी पुन्हा तेच.

शेजारच्या टपरीत वेण्या घालणारी पोकुआ तिला चिडवायची, "मॅडम, फुफूचे गोळे जरा बेताने हाणा. घागरा फाटेल!"

"फाटला तर शिवेन. तू आपल्या वेण्या बघ."

पोकुआ गेली की ती गुडघ्याच्या वर हात दाबून बसायची. "आतून नुसतं ठणकतंय गं," हे ती फक्त मला सांगायची. "हा शनिवार होऊन जाऊ दे, मग दाखवते." आणि कुमासीत शनिवार काही संपत नाहीत.

एका दुपारी तिचा उलटा केलेला घागरा माझ्यावर पडला होता. पोकुआने तो उचलला आणि शिवणीवरून बोट फिरवलं. उजव्या बाजूला जुन्या टाक्यांच्या भोकांच्या पाच रांगा होत्या. डावी शिवण जशीच्या तशी.

"हे काय गं? एकाच बाजूने जाड झालीस? पाय दाखव."

"सोड, शनिवारचं काम—"

"खड्ड्यात गेला तुझा शनिवार!"

तिने माझ्या खणातून मापांची वही काढली आणि बोआतेमाला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे म्हणे डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? बोआतेमा म्हणाली, "असेल दोन-तीन महिने." पोकुआने वही उघडून पुढे ठेवली. उजवी मांडी बावीस इंच, मग तेवीस, चोवीस, सत्तावीस. दोन वर्षं, तारखांसकट.

हाडाचे फोटो काढले, मांडीत सापडलेल्या गाठीचा बारीक तुकडा तपासला. मग बोआतेमा टपरीत येऊन बसली आणि डॉक्टरांचं बोलणं पोकुआला सांगू लागली. मीही ऐकलं. हाडाचा कॅन्सर होता, क्वचित होणारा. कानाच्या वरच्या भागात हाताला लागते ना, तशी मऊ कूर्चा तो हाडात वाढवत होता, सावकाश. औषधं आणि किरणं या जातीच्या कॅन्सरवर फारशी चालत नाहीत. गाठ न फोडता, भोवतीच्या निरोगी भागासकट अख्खी काढावी लागते.

"म्हणजे कापडासारखी कडेने जास्तीची माया सोडून कापायचं," बोआतेमा म्हणाली. "ते मला कळतं गं. लवकर आले असते तर हाडाचा तेवढा तुकडा काढून धातूची सळई बसवली असती. आता गाठीने मोठ्या शिरांना वेढलंय. जगायचं तर पाय द्यावा लागेल." मग ती माझ्यावर डोकं टेकून रडली. "पाय गेला तर हिला कोण चालवणार?"

पोकुआही रडली. मला रडता येत नाही. पण त्या पाचही शिवणी मी घातल्या होत्या, मित्रांनो. लपवायला मीच मदत केली.

पाय गेला. बोआतेमा राहिली. महिनोन्महिने मी धूळ खात उभी होते. मग एका सोमवारी कुबड्यांचा आवाज आला आणि पायडलावर एकटा डावा पाय पडला. पहिल्या दिवशी चाक दहादा उलटं फिरलं, धागा तुटला, तिने मला शिव्या दिल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आता आमची लय बसली आहे. दर तीन महिन्यांनी ती छातीचा फोटो काढायला जाते, कारण हा आजार कधी कधी फुप्फुसात उगवतो. शनिवारचं काम असलं तरी जाते.

परवा एक शाळेतल्या बाई काबा घेऊन आल्या. "डावी बाही तेवढी दोन बोटं सैल कर. जाड झालेय."

बोआतेमाने पायडलावरचा पाय काढला. "दोन्ही हात जाड झाले असते ना बाई, तर आत्ता शिवून दिलं असतं. एकच हात कसा जाड होतो?"

बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. बोआतेमाने काबाची घडी करून परत दिली. "आधी डॉक्टर. मग शिवण."

मित्रांनो, मला तेल घाला, धूळ पुसा, तेवढी माझी काळजी पुरते. पण तुमचं कुणी दुखणं झाकत असेल तर त्याला झाकू देऊ नका. मी उभ्या आयुष्यात हजारो काबा शिवले. परवा त्या बाईंचा, सुई वर ठेवून जो शिवला नाही, तो एकच मला खरा जमला.