तीन खुणांचं पान

टेंभुर्णीच्या वाचनालयात सर्जेराव बावीस वर्षं ग्रंथपाल होते, पण त्यांचं डोकं असं कधी गरगरलं नव्हतं. समोर त्यांची थोरली चुलतबहीण बेबीनंदा बसली होती. मधुमेहामुळे पायाची जखम महिनाभर भरत नव्हती, तोंड सुकलेलं, आणि वर बाई ठणकावून सांगत होती, "साखरेच्या गोळ्या म्या बंद केल्या. नुसतं मेथीचं पानी पिऊन राह्यले."

"कोनी सांगितलं, अक्का?"

"तुमच्याच यादीनं."

यादी होती, हे खरंच. टेंभुर्णी, मंठा आणि जुना जालना, अशा तीन वाचनालयांनी मिळून ती मोबाईलवर केली होती. आजारपणाबद्दल इंटरनेटवर वाट्टेल ते खपतं, त्यातलं खात्रीचं तेवढं निवडायचं. नियम सोपा होता. प्रत्येक ग्रंथपालानं पान वाचायचं, डॉक्टरला विचारायचं आणि मगच बरोबरची खूण करायची. तीन खुणा झाल्या की पान वाचकांना खुलं. 'मेथीचं पाणी प्या, गोळ्या सोडा' असं सांगणाऱ्या पानावर तिन्ही खुणा होत्या.

सर्जेरावांनी मंठ्याच्या ग्रंथपालाला, हरिओमला, फोन लावला. "ते मेथीचं तुम्ही कोन्या डॉक्टरला विचारलं?"

"मी? जालन्याच्या पुष्पाबाईंची खूण होती न. त्या लई बारकाईनं बघतेत. मंग मी बी केली."

मग फोन लावला तर पुष्पाबाई चिडल्याच. "मी केली ती तुमची खूण बघून, सर्जेराव! म्हटलं, एवढा जुना मानूस, बराबर तपासलं असंल."

आता मात्र सर्जेरावांना काही सुधरेना. हरिओमनं भिस्त ठेवली पुष्पाबाईंवर, पुष्पाबाईंनी आपल्यावर. मग आपण कुणावर? आपण तर डॉक्टरला विचारलंच असणार. पुस्तकाचं पान दुमडलं तरी वाचकाला झापणारा माणूस असा आंधळा कारभार करील? त्यांनी खुणेची तारीख बघितली. दिवाळीचा आदला दिवस.

त्या दिवशी हीच बेबीनंदा फराळाचा डबा घेऊन आली होती आणि दारातूनच म्हणाली होती, "भाऊ, मेथीच्या पान्यानं साखर उतरली बघ!" अक्का खोटं कशाला बोलेल? चिवडा खाता खाता त्यांनी खूण करून टाकली होती.

सर्जेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अक्का, ते पान चुकीचं हाय. ऊठ, आत्ताच दवाखान्यात चल."

"तीन वाचनालयं हो म्हनतेत अन् तू एकटा न्हाई म्हनतू? मानसानं ऐकावं कोनाचं?"

"त्या दोघांनी माझं ऐकलं. अन् म्या तुझं."



"माझं? आरं, तवा म्या गोळ्या बी घेत व्हते! पान्यानं उतरली का गोळ्यांनी, मला तरी काय कळतंय? खात्री करावी म्हनून तर तुझी यादी बघितली."

सर्जेरावांनी आपली खूण पुसली, भरदुपारी वाचनालयाला कुलूप घातलं आणि अक्काला हात देऊन हळूहळू पायऱ्या उतरवल्या.