नरकासुराच्या पायाखालचा ड्रम

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. मी कचऱ्याचा डबा नाही. चहाचे कप, वेफर्सच्या पिशव्या, चोखून झालेली शहाळी, सगळं आणून माझ्या पोटात टाकता आणि मोबाईल बघत पुढे जाता, म्हणून सांगावं लागतं. मी डांबराचा ड्रम आहे. जुना आहे, गंजलोय, पण अजून कामावर आहे.

पेडणे तालुक्यातल्या एका तिठ्यावर माझी नेमणूक आहे. एक रस्ता चोपड्याच्या पुलाकडून येतो, सरळ गेलात तर पेडण्याचा बाजार, डावीकडे वळलात तर केरीचा किनारा. ह्याच रस्त्यासाठी मी एके काळी डांबर भरून इथे आलो. बेळगावकडच्या अशोक नावाच्या कामगाराने मला रिकामा केला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, की असा न गळणारा ड्रम शंभरात एक मिळतो. आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. पुढे तिठ्यावर चहाचा गाडा चालवणाऱ्या गुरुदासने मला उपडा घालून माझं टेबल केलं. लोक माझ्यावर पेले ठेवायचे, पाव-भाजी खायचे आणि रस्त्याच्या नावाने बोटं मोडायचे.

बोटं मोडण्यासारखंच होतं हो! गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला. कडेने सायकलींसाठी हिरवीगार पट्टी रंगवली, तिच्यावर पांढरी सायकल काढली, नारळ फुटला, फोटो निघाले. मला वाटलं, चला, एकदाचं शहाणपण सुचलं. कसलं काय! ती पट्टी तिठ्याच्या वीस पावलं आधी संपते आणि तिठा ओलांडल्यावर वीस पावलांनी परत सुरू होते. मधल्या जागेत सायकलवाल्याने काय करावं, उडून जावं? रस्ता सरळ आहे, जिथे कोणी कोणाला धडकत नाही, तिथे पट्टी. धडकतात तिथे नुसतं डांबर. त्यात तिठ्याचा कोपरा असा ऐसपैस कापून ठेवला, की केरीला निघालेल्या गाड्या ब्रेकला पायसुद्धा न लावता डावीकडे वळायला लागल्या.

ह्या सगळ्यात सापडली ती सुमंगला. ती चोपड्याच्या बाजूला राहते आणि पेडण्याच्या वाटेवरच्या काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाते. सायकल शिकली ती चाळिशीत, पडत-झडत. तिच्या वेळेला बस नाही. म्हणजे सायकल आहे तर नोकरी आहे, एवढा सरळ हिशेब. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, पंधरा दिवस आधी ती तिठ्यावरून सरळ चालली होती. मागून आलेल्या एका जीपने तिला ओलांडलं आणि तिच्या पुढ्यातच डावीकडे गाडी घातली. सुमंगला माझ्यावर येऊन आदळली. मनगट मोडलं. जीपवाला खाली उतरून म्हणाला, की बाई दिसल्याच नाहीत. अरे, आत्ताच तर तिला मागे टाकलीस ना! मला तोंड असतं तर तिथेच बोललो असतो.

त्या वर्षी चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तिच्या घरी शेजारणीने केल्या. प्लास्टर निघाल्यावर ती कामावर परतली खरी, पण तिठा आला की खाली उतरायची. सायकल धरून उभीच. एक गाडी जाऊ दे, दुसरी जाऊ दे, करता करता रोज उशीर. मुकादम कुरकुरायला लागला. तिचा मुलगा सर्वेश औषधांच्या कारखान्यात पाळ्या करतो, त्यामुळे तिला रोज सोडणं त्याला जमत नव्हतं. त्याने एक दिवस गाड्यापाशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की परत एकदा जरी काही झालं तर सायकल भंगारात, आणि आईने घरी बसायचं. सुमंगलाने सायकलचं हँडल घट्ट धरलं. तिला घरी बसायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. सर्वेशचं तरी काय चुकलं? आईचा हात मोडलेला त्याने पाहिला होता.

तेवढ्यात दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळी म्हणजे नरकासूर. वाड्यावरचे तरुण गवत, कागद, बांबू जमवून घराएवढा राक्षस करतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळतात. तिठ्यावरच्या मंडळाचा म्होरक्या सुदेश. त्याला नरकासूर गाड्यासमोर उभा करायचा होता. गुरुदास म्हणाला, की गिऱ्हाईक चहा प्यायला येतं, राक्षसाच्या ढेंगेतून जायला नाही. मग सुदेशने सरळ तिठ्याच्या त्या कापलेल्या कोपऱ्यावर अठरा फुटांचा नरकासूर ठोकला. पायाखाली तीन ड्रम, वाळू भरून. त्याचा उजवा पाय माझ्या डोक्यावर. आली का पंचाईत! टेबलाचा मी राक्षसाची चप्पल झालो.

पण मित्रांनो, दुसऱ्याच दिवशी मला काहीतरी वेगळं जाणवलं. कोपऱ्यात नरकासूर उभा म्हटल्यावर केरीच्या गाड्यांना त्याला वळसा घालावा लागायचा. वळसा घालायचा म्हणजे वेग कमी करायचा. आणि आम्हा ड्रमांच्या आतल्या अंगाला, गटाराच्या बाजूने, सायकल जाईल एवढी वाट राहिली होती. तिच्यात गाडी शिरणं शक्यच नव्हतं. सुमंगला तिथून आली, माझ्या पुढे निघाली, आणि वळणारा गाडीवाला तिला समोर बघून चक्क थांबला. आठ दिवस ती एकदाही सायकलवरून उतरली नाही. आठव्या दिवशी हसत गुरुदासला म्हणाली, "देवान नाय, ह्या राक्षसान माका वाट दिल्यान."

नरकासुराला मैदानात नेऊन जाळलं. आम्हा तिघांना गाड्यामागे लोळवून दिलं. आमच्याविना तो कोपरा परत मोकळा झालाय, हे कोणाच्या डोक्यात आलं का? छे! सुट्टी संपून सुमंगला कामावर निघाली ती आठ दिवसांच्या सवयीने, न उतरता. मी मागून बघतोय, आणि ओरडता येत नाही. पांढरी गाडी तशीच वळली. ह्या वेळी ब्रेक लागला, पण सायकलचं पुढचं चाक वाकलं. सुमंगला रस्त्यावर बसली होती. रक्त नव्हतं.

सर्वेश आला. त्याने सायकल उचलली, माझ्याशेजारी टेकवली आणि भंगारवाल्याला फोन लावला. भंगारवाला म्हणाला, उद्या येतो. सुमंगला उठली. वाटलं, आता रडेल. ती सुदेशकडे गेली.

"सुदेश, तुझो नरकासूर जळलो. पण त्येच्या पायाखालचे ड्रम खंय आसत?"

उत्तराची वाट न बघता ती आली आणि चांगल्या हाताने मला लोळवायला लागली. तेव्हा कुठे बाकीच्यांना लाज वाटली. गुरुदासने वाळू आणली. राक्षसाच्या जिभेचा उरलेला लाल रंग आम्हाला पट्ट्या मारायला पुरला. दुपारपर्यंत आम्ही तिघे परत कोपऱ्यात उभे.

चौथ्या दिवशी रस्ते खात्याचे एक साहेब आले. रस्ता अडवलाय, परवानगी कुठाय, ड्रम हलवा. बघा, माणूस पडला तेव्हा कोणी फिरकलं नाही, आणि ड्रम उभे राहिले तर लगेच जीप हजर! गुरुदास म्हणाला, की आठ दिवस अठरा फुटांचा राक्षस उभा होता, त्याची परवानगी कोणी मागितली नाही. तो सण होता, साहेब म्हणाले. सुदेश तडक घरी गेला. जाळण्याआधी उतरवून ठेवलेला नरकासुराचा मुखवटा त्याने आणला आणि तारेने माझ्या तोंडावर आवळला.

"साहेब, तुळशीचा लगीन अजून जावचा आसा. व्हडली दिवाळी सरल्याशिवाय सण सरलो असा कोण म्हणता?"

साहेबही इथलेच, आमच्याकडे तुळशीच्या लग्नाला व्हडली, म्हणजे मोठी, दिवाळी म्हणतात हे त्यांना ठाऊक. तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्या, म्हणाले आणि गेले. तुळशीचं लग्न होऊन आता वैशाख आला. मला न्यायला कोणी आलेलं नाही. भंगारवालाही रिकामाच परतला. सर्वेशने त्याला थांबायला सांगितलं आणि दोन सकाळी गाड्यापाशी उभा राहून तो वळणाऱ्या गाड्या बघत होता. तिसऱ्या दिवशी तो चाक सरळ करून घेऊन आला.

तर मित्रांनो, राक्षसाचं तोंड बघून तुम्ही गाडी हळू करता, मग सायकलवरच्या माणसाचं तोंड बघून का करत नाही? मी किती दिवस पुरणार? तळ गंजलाय, पुढचा पावसाळा निघेल की नाही सांगता येत नाही. मी मोडलो तर माझ्या जागी कोणाला तरी उभं करा, दिवाळीची वाट बघू नका. आणि ते चहाचे कप टाकणं आधी बंद करा.

आणखी एक. सुमंगला रोज सकाळी माझ्या शेजारून जाताना हँडलवरचा एक हात सोडते आणि माझ्या डोक्यावर टपली मारते. तोच, मोडलेला हात. अगं बाई, ऐन तिठ्यावर हात सोडतेस? मला एवढा मोठा जबडा लावलाय, पण त्यातून आवाज येत नाही. तुम्ही तरी सांगा तिला.