भिंतीवरचा डॉक्टर

धडगावकडच्या घाटातल्या एका उपकेंद्राच्या भिंतीवर डॉक्टर उभा राहिला, त्या दिवशी जाहेदा सिस्टर पोट धरून हसल्या. केस पिंजारलेले, चष्मा कपाळावर आणि हातात पहारीएवढी सुई! पुढं पोरं हात वर करून जिवाच्या आकांतानं पळतायत.

चित्र काढलं होतं इद्रिसनं. सिस्टरांचा मावसभाऊ, शहाद्यात पाट्या रंगवणारा. ब्रश पुसत म्हणाला, "आपा, हाई तं जुनी रीत शे. गायीपासून देवीची लस निघाली तेव्हा विलायतेतल्या चित्रांत टोचलेल्या माणसांच्या अंगातून गायी निघताना दाखवल्या होत्या. डॉक्टर म्हटला की मोठी सुई, शास्त्रज्ञ म्हटला की उभे केस आणि धूर सोडणारी बाटली. माणूस ज्याला भितो, त्यालाच हसून घेतो."

सिस्टरांना ते पटलं. पण बुधवारी लसीचा निळा डबा उघडून त्या दुपारपर्यंत बसल्या, तरी एक बाळ येईल तर शपथ! पलीकडच्या पाड्यावर गोवर निघालेला, म्हणून जीव टांगणीला. अंगणात फक्त रूपलीबाई, तीही नऊ महिन्यांच्या नातीला घरी ठेवून आलेली.

"आजी, पोर कुठंय?"

म्हातारीनं भिंतीकडं हनुवटी उडवली. "आम्ही भिंतीवर घोडा काढतो तो काय शोभेला? घोडा काढला की घोड्यावरच्या देवाला बोलावणं गेलं. तू ह्याला बोलावलंस, सिस्टर. हा असली सुई घेऊन येणार, आणि पोरं आम्ही त्याच्या पुढ्यात आणून ठेवू होय?"

सिस्टर चित्राकडं वळल्या. "उद्याच चुना फिरवते त्याच्यावर."

"बोलावलेल्याला कोणी हाकलतं का? आला तो आला. आता त्याला शहाणा कर."

इद्रिस पुन्हा आला, तोंड पाडून. रूपलीबाई मोहाच्या झाडाखाली बसून हुकूम सोडू लागली. "केस बसव त्याचे, न्हायल्यासारखे. चष्मा डोळ्यांवर आण, नाहीतर बघणार कसा?"

"आणि ही सुई?"

"तिला भोकं पाड."

सहा भोकं पडली, टोक पुसलं, आणि सुईची बासरी झाली. पळणाऱ्या पोरांपुढं इद्रिसनं एक ढोल काढला मात्र, तीच पोरं, तेच वर गेलेले हात, नाचायला लागली!

"आजी, माझ्या पाट्याही तूच रंगव."

"काय असतं तुझ्या पाट्यांवर?"

"सिमेंट."

"मग नको बाबा."

पुढच्या बुधवारी सतरा बाळं आली. रूपलीबाई सगळ्यांच्या पुढं. तिनं मूठभर ज्वारी डॉक्टरच्या पायाशी ठेवली आणि नातीला सिस्टरांपुढं धरलं. पोरीनं टाहो फोडला.

"रड गं, रड. त्याच्या बासरीला साथ होईल." मग भिंत न्याहाळत ती म्हणाली, "सिस्टर, माझ्या दारात खांद्यावर डबा घेऊन कोण येतं? हा, की तू?"

सिस्टर कापसाचा बोळा पोरीच्या दंडावर जरा जास्तच वेळ धरून बसल्या.

संध्याकाळी ढोलाशेजारच्या मोकळ्या जागेत इद्रिस निळा डबा रंगवू लागला. मागून हळूच सिस्टरांचा आवाज आला, "इद्रिस, नाक जरा लहान ठेव हं."

"राहू दे मोठंच," रूपलीबाई म्हणाली. "पोरं लांबूनच ओळखतील."