कोरी तबकडी

या, बाकावर जरा सरकून बसा. आमच्या जॉर्जियातल्या कोर्टाच्या मनोऱ्याची गोष्ट सांगायची आहे. सूर साथ देता तर गाऊनच सांगितली असती.

"आर्डेलियामावशी, आता माघार नको हं," आमच्या चर्चचा सेवक, डीकन रॉस्को, दारातूनच म्हणाला. "सोमवारी कोर्टात सभा आहे. तुम्ही नुसतं हो म्हणा, आपल्या बाजूला घड्याळ लागलंच समजा."

"तू आहेस की बोलायला. तुझी जीभ कधी गंजली?"

"माझ्या जिभेला कोण विचारतंय! जन्मभर त्या घड्याळाला किल्ली दिली ती ल्युशसकाकांनी. त्यांच्या बायकोचा, तुमचा शब्द खाली पडायचा नाही."

मावशी पातेल्यातली भाजी ढवळत राहिली.

लाल विटांचे, पांढऱ्या खांबांचे ते कोर्ट टेकाडावर उभे आहे. मनोऱ्याला तीन बाजूंनी घड्याळे. चौथी बाजू आम्हा काळ्यांच्या वस्तीकडची; तिथे नुसती पांढरी रंगवलेली लाकडी तबकडी. यांना वेळ कशाला हवी, असे बांधणारे म्हणाले होते म्हणे. आणि किल्ली देणारा ल्युशस मात्र याच वस्तीतला!

त्या कोऱ्या तबकडीत एक झडप होती. दर शनिवारी किल्ली देऊन झाली की ल्युशस ती उघडून रुमाल हलवायचा. खाली अंगणातून आर्डेलिया एप्रन हलवायची. लोकांना वाटे, तो धूळ झटकतोय आणि ही पीठ. पुढे ल्युशस देवाघरी गेला, घड्याळ विजेवर चालू लागले, तरी शनिवारी तिची मान आपोआप वर जायची. नवे घड्याळ बसले की ती झडप जाणार होती.

रविवारी चर्चमध्ये पाळकबुवांनी बायबलातल्या, सूर्य थांबवणाऱ्या यहोशवाचा उपदेश गायला घेतला. "तो म्हणाला, सूर्या, थांब!" "थांबला!" सगळे चर्च गर्जले. मावशीही गर्जली. मग बुवांचा सूर खाली आला. "पण पुढं निघाला, लेकरांनो... निघालाच ना?"

"निघाला!" सगळे गर्जले; मावशी मात्र खिडकीतून मनोऱ्याच्या कोऱ्या तबकडीकडे बघत होती.

सोमवारी सभेच्या अध्यक्षांनी विचारले, "मिसेस टॉलिव्हर, तुमचं काय म्हणणं?"

कठड्याला धरून मावशी उठली. "लावा घड्याळ. आमची पोरं अजून सावली बघून शाळेला धावतात."

"जुनी तबकडी आठवण म्हणून घरी हवी का?"

"नको, साहेब. ती खाली अंगणात ठेवली, तर वर कुणाकडं बघू?"

घड्याळ शनिवारी लागले. काटे हलले तशी वस्तीने टाळ्यांचा कडकडाट केला. मावशी अंगणातच होती. टोले पडू लागले, तसा तिने एप्रन सोडला आणि एकदा, दोनदा हलवला.

"काय मावशी, आजच्या दिवशीही पीठ झटकताय?" रॉस्को कुंपणावरून हसला.

"हो रे बाबा, पीठच."

तुमच्या गावात कधी टोले पडले, तर मान वर करा, आणि आमच्या ल्युशसला तेवढे आठवा.