तिसऱ्या ओळीतली घसरण

साहेब, ती ओळ तुम्ही सरळ केलीत. व्हिएन्नाच्या माणसानं नाही, छापखान्यानंही नाही, तुम्हीच. वर तुमच्या गाण्यांच्या पुस्तकात जाड अक्षरात 'सुधारून' असंही छापलंत. काय सुधारलंत ते गाणं जिनं दिलं त्या ग्रिझेल लिस्टनला विचारायचं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून या उघड्या पत्रात सगळ्यांसमोर सांगावं लागतंय.

न्यूहेवन या कोळ्यांच्या गावच्या होड्या कालवं काढायला निघाल्या की गाणं म्हणतात. हौस म्हणून नव्हे. समुद्राच्या तळाशी कालवं खरवडून गोळा करणारं लोखंडी खरवडं फिरत असतं. वल्ही एका ठेक्यात पडली नाहीत तर ते उचललं जातं आणि हाताला चिखलसुद्धा लागत नाही. म्हातारे म्हणतात, कालव मोठ्या घराण्यातलं, गाऊन बोलावल्याशिवाय वर येत नाही. ग्रिझेलचा नवरा वॉटी सुकाणूवर बसून गाणं सांगायचा आणि बाकीचे ते उचलायचे. तिसऱ्या ओळीत सूर उंच चढतो. वॉटीची छाती तिथं पुरायची नाही. ओल्या फळीवरून पाय निसटावा तसा त्याचा आवाज सुर्रकन खाली यायचा. आधी होडीतले हसले. मग चिडवायला म्हणून तसंच गायला लागले. पुढं पुढं गाणंच तसं झालं. घसरण आली की वल्हं ओढायचं, हे हातांना पाठ झालं.

वॉटी छातीच्याच दुखण्यानं गेला. सुकाणू धाकट्या भावाकडं, पेटकडं आलं, आणि पेटनं गाणं सरळ करून टाकलं.

"भावजी, ते तसं नाही," ग्रिझेल धक्क्यावरून ओरडली.

"आता नीट म्हणतो आम्ही वहिनी! दादाची छाती कमजोर होती, आमची आहे का?"

बायका होडीत बसत नाहीत. म्हणजे ती घसरण आता साऱ्या जगात एका घशात उरली, आणि त्या घशाचीही पन्नाशी उलटलेली. ग्रिझेलला रात्रंदिवस एकच धास्ती, आपण गेलो की वॉटी दुसऱ्यांदा मरणार.

अशात तुम्ही कागद घेऊन तिच्या दारात आलात. समुद्रावरचं गाणं जमिनीवर म्हणायचं नाही असा तिथला नेम. तरी तिनं दार लावून घेतलं, चुलीपाशी बसून म्हटलं. तुम्ही घसरणीसकट उतरवून घेतलंत, खरं ते खरं. मग चाल तेवढी व्हिएन्नाला धाडलीत, एका नामांकित संगीतकाराकडं, की हिच्याभोवती पियानो, व्हायोलिन, चेलो बांधून द्या. शब्द धाडलेच नाहीत. गाणं कालवांचं की गाईचं, हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं?

वर्ष गेलं, बांधलेलं गाणं परत आलं आणि त्यातली गायची ओळ तेवढी तुम्ही सरळ करून छापलीत. एका सकाळी ग्रिझेल पाठीवरची टोपली न उतरवताच तुमच्या स्वयंपाकघरात कालवं उघडत बसली होती. वरच्या दिवाणखान्यात गोंधळ चाललेला.

"काय गं बेल, वर कोण कुणाला मारतंय?"

"मारत नाहीत, गातायत," तुमची स्वयंपाकीण म्हणाली. "तुझंच गाणं गं ते! सकाळपासून तिसऱ्या ओळीत गाडी रुतलीय. माझं दूध नासलं त्या आवाजानं."

ग्रिझेलनं कान दिला. तुमची मुलगी मार्जरी सूर वर नेऊन तिथंच धरून ठेवत होती, तुम्ही सुधारल्याप्रमाणे. आणि नेमकं तिथंच व्हायोलिन खाली घसरत होतं. दोन होड्या एकमेकींना घासाव्यात तसा आवाज.

"श्टाउबे! पुन्हा चुकलात!" तुम्ही ओरडलात.

"कागदावर आहे ते वाजवतो साहेब," तो जर्मन व्हायोलिनवाला म्हणाला. "व्हिएन्नाहून असंच लिहून आलंय. शेवटाला तर पुन्हा पुन्हा तेच."

ग्रिझेलनं सुरी खाली ठेवली. वॉटी! ज्यानं वॉटीला पाहिलं नाही, ज्याच्या गावाला समुद्रही नाही, त्याला ती घसरण आवडली होती. त्यानं ती व्हायोलिनच्या हाती दिली होती, आणि खालच्या सुरात चेलो तिला ओ देत होता.

ती उठली आणि जिना चढायला लागली.

"अगं, टोपली तरी ठेव!" बेल मागून ओरडली.

"मासळी खाली द्यायची बाई," दारातच तुम्ही म्हणालात.

"मासळी द्यायला नाही आले. नवरा सापडला, न्यायला आले." मग ती मार्जरीकडं वळली. "पोरी, वर लटकून राहू नकोस. सोड. घसर."

"पण बाबांनी सरळ केलंय..."

"तुझ्या बाबांनी जन्मात वल्हं ओढलंय का?"

मार्जरी फिस्सकन हसली. तुम्ही नाही हसलात. पहिल्यांदा ती भीतभीत घसरली. दुसऱ्यांदा खुल्या गळ्यानं घसरली आणि व्हायोलिननं तिला खाली अलगद झेललं. श्टाउबे पाय आपटायला लागला. बेल दारात डाव घेऊन डोलायला लागली. ग्रिझेल गालिच्यावर उभी राहून दोन्ही हातांनी नसलेलं वल्हं ओढत होती, आणि टोपलीतलं पाणी ठेक्यात तुमच्या गालिच्यावर ठिबकत होतं. ती रडली असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. पोट धरून हसली.

तिथून ती जवळजवळ धावतच न्यूहेवनला आली. पेट धक्क्यावर जाळं सांधत होता.

"भावजी, तुमचे दादा व्हिएन्नात घसरतायत!"

"दादा? तो तर शेजारच्या लीथच्या पुढंही कधी गेला नाही."

"आता गेले." तिनं सगळं सांगितलं.

पेटनं जाळ्याची गाठ आवळली. मग म्हणाला, "त्या व्हिएन्नावाल्याचीही छाती कमजोर असणार."

"छातीचं मला माहीत नाही. कान शाबूत आहेत."

"वहिनी, खरं सांगू? तिथं आलं की माझा घसा भरतो. म्हणून सरळ म्हणतो."

"मग भरू दे की! भरलेला घसा बरोबर तिथंच घसरतो."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ग्रिझेल धक्क्यावर उभी होती. होडी लांब गेली. तिसरी ओळ आली. पेटचा आवाज चढला, थरथरला आणि धाडकन खाली आला. त्याच्यामागून सगळी होडी घसरली. कुणीतरी आनंदानं आरोळी ठोकली, शेजारच्या होडीनं ओळ उचलली, आणि वल्ही एकदम पाण्यात पडली. कालवं जास्त आली असं मी म्हणणार नाही. रोजच्याइतकीच आली. पण पेट ती उतरवताना शीळ घालत होता.

आता तुमच्या घरात मार्जरी घसरते, समुद्रावर पेट घसरतो, श्टाउबे जाईल तिथं घसरतो. सरळ उरलंय ते एक तुमचं पान. परक्या माणसानं जे जपलं ते तुम्ही, दोन मैलांवरच्या माणसानं, पुसलंत. पुस्तक पुन्हा छापायला घेतलंय असं ऐकतो. त्यात ती ओळ वॉटी म्हणायचा तशी छापणार की नाही? हो की नाही, एवढंच हवंय. शुक्रवारी ग्रिझेल कालवं घेऊन येतेय. तिला बेलच्या हाती निरोप देऊ नका. स्वतः खाली उतरा आणि सांगा, छापणार की नाही?