खुर्चीभोवती एक फेरी

थोरल्या मेहुणीची दाढ ऐन वेळी ठणकायला लागली आणि एका खगोलशास्त्रज्ञाच्या व्याख्यानाचा पास न्हाव्याच्या गळ्यात पडला. त्याची बायको वाचनालयात पुस्तकबांधणीचं काम करायची. फाटकी पुस्तकं शिवता शिवता ती वाचूनही काढायची. या खगोलशास्त्रज्ञाची तर दोन पुस्तकं तिने घरी आणून वाचली होती.

"मला त्यातलं काय कळणार?" न्हावी म्हणाला. आठवड्यातून एकदाच दुकान बंद असायचं आणि त्याला लोळत पडायचं होतं.

"नाही कळलं तर नुसते बसा. ताईची खुर्ची रिकामी राहिली तर मला चुटपुट लागेल."

सभागृह खच्चून भरलं होतं, पायऱ्यांवरसुद्धा माणसं. शास्त्रज्ञ साठीचा, गोलमटोल, आणि ग्रहताऱ्यांबद्दल असा बोलत होता जणू शेजारच्या घरातली भानगड सांगतोय. न्हाव्याला डुलकीची खात्री होती, पण ती येईना.

मग शास्त्रज्ञाने विचारलं, "चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते. मग चंद्र स्वतःभोवती फिरतो की नाही? नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

अर्ध्याहून जास्त हात वर गेले. बायकोचा तर ताठ.

"आणि फिरतो म्हणणारे?"

इकडेतिकडे थोडे हात दिसले. न्हाव्याचा हात कसाबसा कानापर्यंत गेला. बायकोने त्याची बाही ओढली. "अहो, खाली घ्या."

"निळ्या शर्टातले गृहस्थ," शास्त्रज्ञ म्हणाला, "का बरं फिरतो?"

माइक न्हाव्याच्या हातात आला. "मी न्हावी आहे, साहेब," तो म्हणाला. कुणीतरी हसलं. "माझी खुर्ची जुनी आहे. ती फिरत नाही, मीच गिऱ्हाइकाभोवती फिरतो. तोंड सारखं त्याच्या डोक्याकडे. पण एका फेरीत मला समोर आधी आरसा दिसतो, मग दार, मग बाकडं, मग नळ. चारी भिंती दिसल्या म्हणजे मीही वळलोच की."

शास्त्रज्ञाने त्याला हाताने बोलावलं. "जरा वर येता?"

त्याने मंचाच्या मधोमध खुर्ची ठेवली आणि लोकांकडे तोंड करून स्वतःच तीत बसला. "मी पृथ्वी. करा सुरुवात."

न्हावी बिचकत पुढे झाला. पण समोर एक डोकं आलं आणि हात आपोआप स्थिरावले. तो फेरी घालू लागला.

"आता समोर काय दिसतंय?"

"तुमच्यामागचा पडदा."

"आता?"

"खिडक्या."

खुर्चीच्या मागे पोचल्यावर न्हाव्याने सवयीने दोन बोटांनी त्याचं डोकं पुढे झुकवलं. "मान जरा खाली, साहेब."

सभागृह खदखदून हसलं. शास्त्रज्ञाने मुकाट्याने मान खाली घातली आणि तशीच ठेवून विचारलं, "आता काय?"

"माणसं. पुष्कळ आहेत."

चौथी बाजू दाराची निघाली. फेरी पुरी झाली तेव्हा शास्त्रज्ञ उठला आणि म्हणाला, "पुस्तकात यासाठी मी तीन पानं खर्ची घातलीत. तरी लोक मला पत्रं लिहून विचारतात."

टाळ्या पडल्या. न्हावी जागेवर येऊन बसला, कान लाल झाले होते. पुढचं व्याख्यान त्याने खुर्चीच्या कडेवर बसून ऐकलं. सगळं कळलं असं नाही, पण एक शब्दही सोडला नाही.

दोघं बाहेर पडली. बसथांब्याशी आल्यावर बायको म्हणाली, "मी 'नाही'ला हात वर केला होता."

"पाहिलं मी."

"ती तीन पानं वाचलीत मी. दोनदा."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण आपलं चुकलं असं तिच्या तोंडून त्याने क्वचितच ऐकलं होतं. चिडवायची संधी आयती चालून आली होती. त्याने ती घेतली नाही.

"तू कधी कुणाचे केस कापलेस का?" तो म्हणाला. "मग कसं कळणार."

ती हसली. बस आली, पण तिने ती जाऊ दिली. "चालत जाऊ या का? तुम्हाला न कळलेलं सांगते वाटेत."

"मला एक सांग. सूर्य विझायला किती वर्षं आहेत म्हणाले?"

"पाचशे कोटी."

"मग सावकाश चाललं तरी चालेल," न्हावी म्हणाला.